तुमच्या टाचेवर उभी इमारत

प्रिय बाबा,

येत्या रविवारी मी चार माणसांत उभी राहून तुम्हाला खोटं पाडणार आहे. तुमच्या माघारी असं काही करणं मला पटेना, म्हणून आधी तुम्हालाच सांगते आहे.

तुम्ही गेलात त्याला दोन पावसाळे झाले. एवढ्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. तुमची आठवण यायची, पण ती गोड असायची, आणि गोड आठवणीत लिहिण्यासारखं काय असतं? आता डोकं असं तापलंय की वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावले आणि इकडे टेबलावर कागद ओढून बसले. घरी लिहायची सोय नाही. हे खांद्यावरून डोकावतील आणि म्हणतील, मेलेल्या माणसाशी कुणी भांडतं का? मी भांडणार आहे. जिवंतपणी तुम्ही भांडायला जागाच ठेवली नाहीत! दादा तुम्हाला उलट बोलायचा आणि मार खायचा. मी कधी वर मान करून बोलले नाही, कारण माझ्या लेखी तुमच्या तोंडून निघालेलं सगळं खरंच असायचं.

तर ऐका. यांची अमरावतीहून अकोल्याला बदली झाली. मलाही तिकडची शाळा मिळते आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जागा बघायला गेलो, तर यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी आम्हाला थेट मोर्णेकाठी नेऊन उभं केलं. 'सरितादर्शन'! ही इमारत तुम्ही पाहिलीत तेव्हा तिला नुसता गिलावा होता. आता पिवळा रंग दिलाय, फाटकावर सिमेंटची अक्षरं काढलीत. पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक रिकामा होता. घरात नळ, रंगीत फरशी, आणि नदीच्या बाजूला लांबलचक गॅलरी. हे कठड्याला रेलून उभे राहिले आणि म्हणाले, "काय वारा हाय वं! उन्हाळ्यात पंखा बी नाई लागत."

मला कसला वारा आणि कसलं काय! मी खाली बघत होते. दगडी भिंतीच्या पायथ्याशी गाळाचा एक चिंचोळा पट्टा उघडा पडला होता. पलीकडच्या काठाला तो काळा दगड तसाच होता, म्हशीसारखा पाण्यात बसलेला. मी यांना म्हटलं, "अहो, आमची टरबुजांची वाडी होती इथं. बरोब्बर आपल्या पायाखाली!" मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुरानं नेलेली वाडी फिरून माझ्याकडे आली, असं वाटलं. तुम्ही असता तर तुम्हाला हाताला धरून त्या गॅलरीत आणलं असतं. असं मनात आलं होतं माझ्या, बाबा. त्या घटकेपर्यंत मी तुमचीच होते.

वाडीचं तुम्हाला मी काय सांगायचं? सगळं तुमच्याच मागे फिरून शिकले. पण आज मला ते एकदा माझ्या तोंडानं म्हणायचं आहे.

पावसाळाभर तो वळणावरचा उतार पाण्याखाली असायचा. दिवाळी झाली की मोर्णा मागे सरायची आणि काळा मऊ गाळ उघडा पडायचा. त्यात काठावरच्या साऱ्या घरांच्या टरबुजांच्या आणि डांगरांच्या वाड्या. पण गेल्या सालच्या खुणा, काट्याकुट्या, सगळं नदीनं धुऊन नेलेलं असायचं. मग कुणाची वाडी कुठून कुठवर हे सांगायचं कुणी? सात-बारा नव्हता, कागद नव्हता. तुमची टाच होती. बाभळीला पाठ लावून, समोरच्या काळ्या दगडावर नजर ठेवून तुम्ही चालायला लागायचात. मधेच थांबायचात, डोळे बारीक करायचात आणि उजवी टाच गाळात दाबायचात. मागून मी, काखेत पऱ्हाटीच्या काड्यांची मोळी घेऊन. टाचेचा खळगा पडला की त्यात काडी रोवायची. काडीच्या या अंगाला शेजारच्या गयाबाईची वाडी, त्या अंगाला आपली. एरवी टोपलीभर शेणावरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया तुमच्या टाचेपुढे गप्प बसायच्या. "हिरामणनं टाच देल्ली," म्हटलं की विषय संपला!

मला तेव्हा वाटायचं, कलेक्टर कलेक्टर म्हणतात तो माझ्या बापासारखाच कुणीतरी असणार.

मग मी मामाकडे अमरावतीला शिकायला गेले. पहिल्याच दिवाळीला घरी आले ती स्टँडवरून जवळजवळ पळतच. पाणी उतरलं असेल, काड्या गोळा करायच्या, एवढंच डोक्यात. तुम्ही दारात बसला होता. मी मोळी बांधायला सुतळी शोधते आहे आणि तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "राहू दे, सुभे. नदीनं वाडी नेली."

म्हणालात, मोठा पूर आला. नदीनं वळण बदललं, गाळ बसलाच नाही. आता सरकार तिथं दगडी भिंत बांधून राहिलं.

मी रडले. माझं बघून तुम्हीही रडलात. मग मीच डोळे पुसले आणि तुमची समजूत काढत बसले. संध्याकाळी वाटीत तेल घेतलं आणि तुमच्या पायाच्या भेगांत भरलं. तुम्ही पाय मागे ओढत होता आणि मी धरून ठेवत होते. आठवतं? कोणती टाच होती ती, आठवतं का बाबा?

त्याच दिवाळीला घरात एक नवी वस्तू दिसली. खुर्ची. वेताची बैठक, लाकडी हात, त्यातल्या एका हाताचं पॉलिश उडालेलं. आपल्या घरात खुर्ची! मी टुणकन जाऊन बसले तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात. "उठ! त्याच्यावर नाई बसाचं!" मला वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवली असेल. पण पाहुणे आले की तुम्ही चटई अंथरायचात. खुर्चीवर वाळलेले कपडे पडायचे, लसणाची जुडी पडायची, एकदा मांजरीनं तिच्याखाली पिल्लं घातली. माणूस मात्र कुणी बसलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. एवढी जपायची तर आणली कशाला, असं मी आईला विचारलं होतं. आईनं मला पाणी भरायला पिटाळलं.

त्यानंतर भिंत झाली, भिंतीमागे मुरमाचा भराव पडला, आणि भरावावर कापसाच्या जिनवाल्या शेठनं ही तीन मजली इमारत उठवली. काठावरची माणसं आपल्या घरी येईनाशी झाली. तुम्ही म्हणालात, वाडी गेली, पोटासाठी पांगले सारे. तेही मी खरं मानलं. सुट्टीपुरती येणारी पोर मी, मला काय कळणार होतं!

आता गॅलरीत या परत. मी मागे वळले तर ब्लॉकच्या दारात गयाबाई उभी. कमरेवर भांड्यांची पाटी, केस पांढरे झालेले, पण नाकातली ती मोठी फुली तशीच. त्या इमारतीतल्या चार घरची भांडी घासते ती आता.

"तू हिरामणची सुभी नाई काय?"

"हाव, मावशी!" मी पाया पडायला वाकले तर ती मागे सरकली.

"इथं राह्यले येऊन राहिली काय?"

"हाव ना! पाहा ना मावशी, आपल्या वाडीवरच!"

तिनं पाटी खाली ठेवली. "वाडी कशी गेली, मालूम आहे काय तुले?"

"पुरानं नेली."

"पुरानं?" ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "त्या साली पूर कुठं आला होता वं पोरी? पानी बाभयीले बी नाई शिवलं."

मग तिनं सांगितलं. तिचेच शब्द लिहिते, म्हणजे मी पदरचं घातलं असं तुम्हाला म्हणता येणार नाही. "शेठले नदीकाठची जागा पाह्यजे होती. अमरावतीहून साहेब आला चौकशीले, भर पावसाळ्यात, वाड्यायवर पानी असताना. त्यानं आमाले इचारलं, इथं वाड्या कोनाच्या हायेत? आता आमी काय सांगावं? आमी म्हनलं, हिरामणले इचारा. हिरामण सांगन ते आमाले कबूल. आमीच धाडलं त्याले तुया बापाकडं!"

"मग?"

"मंग तुया बापाले जिनात नेलं. माहा मालक खिडकीखाली उभा होता. साहेबानं इचारलं, या जागेत कधी कोनाची वाडी होती काय? तुया बाप म्हने, कोनाचीच नाई. मोकळी जागा हाय."

मी म्हटलं, असं होणंच शक्य नाही. माझा बाप असं कशापायी बोलेल?

"खुर्चीवर बसवलं होतं त्याले," गयाबाई म्हणाली. "कपबशीत चहा देल्ला. हिरामणजी, हिरामणजी करून राहिले होते. माह्या मालकानं सोताच्या डोयानं पाह्यलं."

आणि एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं गॅलरीत येऊन खाली भिंतीकडे बोट केलं. "पानी उतरलं तवा मुनिमासंग आला तो. शेठले पाह्यजे होतं, नदीची धार कुठलोक कापते ते. भीत कुठं घातली तं पडनार नाई, ते सांगाले कोन? हिरामण! माह्या वाडीवर उभा राहून टाच देल्ली त्यानं. माह्याकडं पाह्यलं बी नाई. मागून मुनिमाच्या मानसानं चुना टाकला. इतके पावसाळे झाले, पडली काय भीत? कशी पडन? हिरामणची टाच हाय ते!"

माझ्या काड्यांच्या जागी चुना, बाबा.

मी काय केलं असेल? तिच्यावरच ओरडले. "खोटं नका बोलू मावशी, माझा बाप आता बोलायला नाही म्हणून काहीही बोलता!" शेजारच्या ब्लॉकमधली माणसं दारात आली. यांनी मला दंडाला धरून जिन्यावरून खाली आणलं. गयाबाई पाटी उचलून भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एस.टी.नं दर्यापूरला दादाकडे गेले. तुमच्यानंतर आई तिकडेच असते, खुर्चीही तिकडेच असते. ओसरीत आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "आई, मी अमरावतीले गेली त्या साली पूर आला होता काय?"

तिचे हात थांबले नाहीत. "कोन सांगतलं तुले?"

"आला होता काय ते सांग."

"नोता आला."

बाबा, माझी खरी पंचाईत तिथं झाली. गयाबाईला खोटं म्हणता येत होतं. आईला काय म्हणू?

"तुले मालूम होतं?"

"ज्या दिवशी खुर्ची डोक्यावर घेऊन आला त्या दिवशीच मालूम झालं. म्या इचारलं, हे कायचं? तं म्हने, मले देल्ली त्यायनं. म्हने, खुर्चीवर बसवलं वं मले. नावाले जी लावून बोलले." आईनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मंग इचारलं, त्यायनं काय इचारलं तुमाले? तं समदं सांगतलं. माह्याजवळ खोटं नाई बोलला तो."

"आणि तू गप्प बसली?"

"गप काहून बसू? म्हनलं, बसा मंग त्याच्यावर! पाहू द्या मले कसे दिसता ते! नाई बसला. मरेलोक नाई बसला."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेजारची बाई विचारत होती, कोण वारलं म्हणून. काय सांगणार?

एक खुर्ची, बाबा! तीही जिनातली जुनी, पॉलिश उडालेली! नवी तरी मागायची होतीत!

त्या खुर्चीपायी आई त्याच शेठच्या जिनात सरकी निवडायला जायला लागली. कापसाचं बारीक तूस नाकातोंडात जाऊन तिला जो खोकला लागला तो अजून सुटलेला नाही. तिथं तिला कुणी खुर्ची दिली नाही, बाया जमिनीवर बसून काम करायच्या. गयाबाईचा नवरा परतवाड्याकडे लाकडं तोडायच्या कामावर गेला आणि तिकडेच वारला. आणि तुम्ही? तुम्हाला कळत कसं नव्हतं की त्या माणसांनी साहेबाला तुमच्याकडे का पाठवलं? त्यांना वकील करता आला नसता, पण चार माणसं गोळा करून बोंब तर मारता आली असती. त्यांनी तेही केलं नाही. हिरामण आहे ना, म्हणाले. असा भोळेपणा कुणी करतं का? करतात. ज्यांच्याकडे कागद नसतो ती माणसं एका माणसाच्या तोंडावर सगळं सोडून देतात, आणि तो माणूस तुम्ही होता.

मला खुर्ची म्हणजे काय ते कळत नाही असं समजू नका. मी मास्तरीण आहे. शाळेत पहिल्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, बसा बाई, आणि मी त्या खुर्चीच्या टोकावर बसले, कुणी उठवेल या भीतीनं. आपल्या लोकांनी जन्मभर दुसऱ्याच्या ओट्याखाली उकिडवं बसूनच बोलायचं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तुम्ही जिनात त्या खुर्चीवर कसे बसला असाल, हे मला दिसतं हो. टोकावरच. कपबशी दोन्ही हातांत धरून, बशी वाजू नये म्हणून श्वास रोखून. ते दिसलं की मला रडू येतं. आणि रडता रडता पुन्हा संताप येतो, कारण त्या माणसानं चहा संपवून माझ्या आईची वाडी देऊन टाकली.

पण तुमच्यावर माझा खरा राग कशाचा आहे, सांगू? आईला तुम्ही खरं सांगितलंत. सारा काठ जाणत होता. पूर फक्त माझ्यासाठी आणलात! मला तुम्ही त्या पुरासाठी रडू दिलंत. तेल लावू दिलंत. पुढे शाळेत मी मुलांना नदीचे उपयोग शिकवायची तेव्हा आपल्या वाडीचा पूर सांगायची, माझे वडील कसे हरले नाहीत तेही सांगायची. किती वर्गांना सांगितलं असेल! एकदा तरी म्हणायचं होतंत, सुभे, असं झालं, चुकलो. मी काय केलं असतं? दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेलाची वाटी घेऊन बसलेच असते.

आणि आता ते पावसाळे आठवतात. आभाळ गळायला लागलं की तुम्ही घोंगडी डोक्यावर घेऊन भिंतीकडे निघायचात. भिजून यायचात आणि आईला म्हणायचात, "नाई आलं." मला वाटायचं, पाणी चढलं नाही म्हणून तुमचा जीव भांड्यात पडला असेल. तुम्ही तर तोंड पाडून बसलेले असायचात. शेवटच्या आजारातही तेच. श्रावण होता, बाहेर धो धो कोसळत होतं आणि तुम्ही डोळे मिटून पुन्हा पुन्हा विचारत होता, "पानी कुठलोक आलं, सुभे?" मी म्हणायची, भिंतीच्या पायाशी आहे बाबा, काळजी करू नका. तुम्ही तोंड फिरवायचात. मी तुम्हाला धीर देत होते! नदीनं एकदा तरी तुमची टाच खोटी पाडावी, ती भिंत ओलांडावी, असं तुम्हाला वाटत होतं ना? एवढं वाटत होतं तर जिवंत होतात तोवर बोलला का नाहीत?

असो. आता रविवारचं सांगते.

भिंतीखाली तो जो चिंचोळा पट्टा उरला आहे, त्यावर गयाबाई आणि अजून दोन-चार घरं दरसाल थोडी टरबुजं, थोड्या काकड्या लावतात. इमारतीतल्या लोकांना तिथं बगीचा पाहिजे आहे. बाकडी टाकायची, तारेचं कुंपण घालायचं, संध्याकाळी फिरायला जायचं. गयाबाई म्हणते, ही आमच्या वाड्यांची जागा आहे. तर तिला उत्तर काय मिळालं असेल? "इथं कधी कुणाची वाडी नव्हती. तुमच्याच हिरामणनं साहेबाला सांगितलं होतं." ऐकलंत? तुम्ही गेलात, पण तुमचं ते वाक्य अजून कामावर आहे. रविवारी सकाळी एक अधिकारी जागा बघायला येणार आहे. पहिल्यासारखाच तो विचारणार, इथं कुणाच्या वाड्या होत्या का?

दर्यापूरहून मी घरी न जाता आधी अकोल्याला गयाबाईकडे गेले. झोपडीच्या दारात उभी राहून म्हटलं, मावशी, मी ओरडले ते विसरा. ती म्हणाली, "विसरन. पन तू रविवारी येजो. आमचं कोन आयकते? हिरामणचं बोलनं हिरामणच्या पोरीनंच खोडलं पाह्यजे."

यांना हे अजिबात मान्य नाही. "शेठच्या पोराचीच बिल्डिंग हाय ते. तू तोंड उघडलं का ब्लॉक गेला समज. आन् मेलेल्या मानसाची अब्रू चारचौघांत काहून काढतं?" मी म्हटलं, जित्या माणसांची वाडी जाऊन राहिली त्याचं काय? गॅलरीचा वारा त्यांच्या फार मनात भरलाय, त्यांची तरी काय चूक? काल म्हणाले, "तुले करायचं ते कर. मी येनार नाई." यांनी मागून आणलेली ब्लॉकची किल्ली अजून आमच्या खुंटीवर आहे. रविवारी जाताना ती पर्समध्ये टाकीन आणि फाटकावरच्या चौकीदाराच्या हातात देईन. ज्या भिंतीला तुमची टाच आहे, तिच्यावर संसार मांडून मला झोप लागायची नाही.

तेव्हा बाबा, मी बोलणार आहे. म्हणेन, साहेब, हिरामण माझा बाप. त्याला या जागेची एकेक वाडी पाठ होती आणि त्यानं तुमच्या आधीच्या साहेबाला खोटं सांगितलं. एवढंच. का सांगितलं ते त्यांना सांगणार नाही. खुर्चीची गोष्ट तुमची, आईची आणि माझी. तेवढी तुमची लाज मी राखीन, आणि तीही तुम्ही तेव्हा माझ्यासमोर रडला होता म्हणून. ते रडणं खरं होतं एवढं मी धरून चालते.

मग मी चप्पल काढीन. बाभूळ त्यांनी तोडली, पण फाटकाशेजारी तिचं खोड आहे आणि काळा दगड तर कुठं जात नाही. मागे चालून चालून तुमची चाल माझ्या अंगात बसली आहे. खोडाला पाठ लावीन, दगडावर नजर ठेवीन, भिंतीच्या पायऱ्या उतरून गाळात जाईन आणि गयाबाईच्या वाडीशी टाच देईन. आपल्या वाडीची देणार नाही. आपली तुम्ही देऊन टाकलीत, ती गेली. काड्या गयाबाई आणणार आहे. साहेब मानो न मानो, काठानं मानलं म्हणजे पुरे.

आई येणार आहे दर्यापूरहून. दादाला सांगून तिनं खुर्ची एस.टी.च्या टपावर चढवायची तजवीजही केली आहे. तिच्यावर कुणाला बसवायचं नाही, साहेबालाही नाही. सगळं झालं की मी ती पाण्याच्या कडेला गाळात नेऊन ठेवणार आहे, नदीकडे तोंड करून.

पुढच्या श्रावणात मी घोंगडी घेऊन तिथं जाईन, हे माझं वचन. तुम्ही शेवटपर्यंत विचारत राहिलात आणि मी दरवेळी वेडं उत्तर दिलं. या वेळी नीट बघून येईन आणि घरी आल्याबरोबर तुमच्या तसबिरीपुढे उभी राहून सांगेन, पाणी कुठवर आलं ते. म्हणेन, खुर्चीपर्यंत आलं, बाबा. घेऊन गेलं.

तुमच्यामागे काड्या रोवत चालणारी,
सुभी